ट्रायलची पट्टी

मी चौथी शिकलो, तेही ओढूनताणून. शाळेपेक्षा शेळ्यांमागं जास्त गेलो. असला माणूस हृदयाची पट्टी वाचायला शिकला म्हटलं की आताची पोरं हसतात. हसू द्या. शिकलो ते खरं आहे, आणि एक पट्टी वाचायला चुकलो तेही खरं आहे. ती माझ्या बायकोची होती. तिला जाऊन आता दोन पावसाळे झाले. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून वहीत बोलतोय.

माण तालुक्यात आमच्या बाजाराच्या गावी एका डॉक्टरनं दवाखाना काढला, तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. डॉक्टर सांगलीचे, तरणे, अंगानं काटकुळे. आमच्याकडची निम्मी माणसं मुंबईला जातात आणि हा गडी उलटा इकडं कशाला आला, हे कोणाला कळेना. मी त्यांच्याकडं झाडलोट, पाणी भरणं, सुया उकळणं ही कामं धरली. दवाखान्यात असल्या माणसाला मामा म्हणतात. मी सगळ्या तालुक्याचा मामा झालो. सख्खी भाची मला एकच, आणि ती मला कधी मामा म्हणून हाक मारत नाही, 'ओ' म्हणते.

दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी सांगलीहून एक वापरलेलं मशीन आणलं. ते त्याला ईसीजी म्हणायचे, लोक पट्टी म्हणायचे. तोवर छातीत कळ आली की माणूस साताऱ्याला न्यायचा, आणि तो पोचतो की नाही ते नशिबावर. मशीन म्हणजे एक पेटी. तिच्यातून पाच वायरी निघायच्या. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. पाचवी पांढरी. तिच्या टोकाला रबरी फुगा असायचा. तो दाबून छातीवर चिकटवायचा, एकामागं एक सहा जागी, आणि दर जागेला खटका फिरवायचा. मग गरम सुई मेण लावलेल्या कागदावरून चालायची. मेण वितळून काळी रेघ उमटायची. कागद इतका नाजूक की नख लागलं तरी ओरखडा उठायचा.

माझं काम पट्टी कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचं. खळ मीच शिजवायचो. पहिल्याच आठवड्यात मी एक पट्टी उलटी चिकटवली. डॉक्टरांनी पुठ्ठा बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"मामा, हा पेशंट झाडाला उलटा टांगला होता का?"

"न्हाई सायेब, कॉटवर झोपवला हुता."

"मग डोंगर खाली आणि दऱ्या वर कशा?"

मला राग आला. म्हटलं, "आमाला कुणी सांगितलंय व्हय, वर कुठलं नि खाली कुठलं? खळ लावा म्हनला, लावली."

दुसरा कोणी असता तर त्यानं मला हाकलला असता. यांनी स्टूल ओढलं आणि म्हणाले, "बसा." पेन्सिल घेतली आणि दाखवलं. ही लहान टेकडी, हा सुळका, ही पसरट टेकडी. मग सपाट माळ. मग पुन्हा लहान टेकडी. हृदयाचे वरचे दोन कप्पे आवळतात ती लहान टेकडी. खालचे दोन मोठे आवळतात तो सुळका. ते सैल पडून पुढच्या ठोक्याला तयार होतात ती पसरट टेकडी. एवढं झालं की एक ठोका.

मी बघत राहिलो. दहिवडीहून आमच्या गावाकडं येताना उन्हाळ्यात डावीकडं जे दिसतं ते हेच. म्हटलं, "सायेब, ही तर आमच्याकडची टेकाडं हायत."

"तसंच समजा," ते म्हणाले. "फक्त ही टेकाडं जागा सोडून हलली, तर मला हाक मारा."

मग मला नाद लागला. खळ वाळेपर्यंत मी पट्टीकडं बघत बसायचो. डॉक्टरांनी ठोके मोजायचा पाढा दिला. दोन सुळक्यांत एक मोठं घर असेल तर मिनिटाला तीनशे ठोके, दोन असतील तर दीडशे, तीनला शंभर, चारला पंचाहत्तर, पाचला साठ, सहाला पन्नास. मी तो घरी जाऊन घोकला. बायको भांडी घासत होती.

"तीनशे, दीडशे, शंभर… ह्यो कसला वो पाढा? दर डावाला कमी कमी हुतोय."

"काळजाचा हाय."

"मग बराबर हाय," म्हणाली. तिला अक्षर एक येत नव्हतं, पण दोन दिवसांत तो पाढा तिला माझ्याआधी पाठ झाला.

ती तेव्हा रोजगार हमीवर खडी फोडत होती. दवाखान्यात ती आली ती बायांमुळं. बाप्यांची पट्टी मी काढायचो. बाया माझ्यापुढं पदर काढायच्या नाहीत, आणि डॉक्टरांपुढंही नाहीत. पदरावरूनच फुगा लावा म्हणायच्या. एकीनं तर मला सांगितलं, "मामा, तुमी डोळं झाका नि अंदाजानं लावा." शेवटी डॉक्टर म्हणाले, "मावशींना घेऊन या." तशी ती आली. गळ्याखालचं हाड उतरलं की बोटाला एक उंचवटा लागतो, तिथून बरगड्या मोजायच्या, चौथ्या खाचेत पहिला फुगा. हे डॉक्टरांनी तिला एकदाच सांगितलं, स्वतःच्या सदऱ्यावरून दाखवून. पुन्हा कधी सांगावं लागलं नाही. तिची बोटं खडी निवडणारी. मी पडद्याच्या अलीकडं मशीनपाशी, ती पलीकडं. ती "हां" म्हणायची, मी खटका फिरवायचो.

पहिल्या पहिल्यांदा एक-दोन घरच्या बायांना तिचा हात नको होता. आम्ही बौद्ध. आडनाव सांगायच्या आधीच लोकांना ठाऊक असतं. एक म्हातारी म्हणाली, "दुसरी कुनी न्हाई व्हय?" बायकोनं फुगा खाली ठेवला. "न्हाई. नको आसंल तर घरी जावा, आज्जी. काळीज तुमचं हाय." म्हातारी गप झोपली. पुढं तीच म्हातारी दर महिन्याला यायची आणि 'तिलाच बलवा' म्हणून हटून बसायची.

बायांची एक अडचण राहिलीच. मंगळसूत्र. ते गळ्यातून काढायचं नाही हे ठरलेलं, डॉक्टरांनी सांगितलं तरी नाही. आणि झोपलं की ते घसरून नेमकं फुग्याच्या जागेवर येऊन पडायचं. बायकोनं त्यावर तोड काढली. "दातात धर गं." मग सगळ्याच बाया मंगळसूत्र दातात धरून झोपायला लागल्या. हात मोकळे, छाती मोकळी, नवऱ्याचं नाव तोंडात. आम्हाला वाटलं, झ्याक झालं.

मधल्या काळात माझा भाव लय वाढला. एक माणूस पित्त झालं म्हणून आला होता, डॉक्टर वडूजला गेलेले. मी पट्टी काढली. छातीवरच्या तीन जागी सुळका उतरून माळावर येईना. तसाच वर राहून पसरट टेकडीला जाऊन मिळालेला, बैलाच्या वशिंडासारखा. मी त्याला उठू दिलं नाही. डॉक्टरांना आणायला जीप करून एक जण पाठवला, त्यानं त्यांना वाटेत गाठलं. तो गडी साताऱ्याला पोचला आणि जगला. झालं. तेव्हापासून लोक स्टँडवर अडवून खिशातल्या पट्ट्या दाखवायला लागले. "मामा, बगा की जरा." मीही बघायचो. चहा प्यायचो आणि बघायचो. डॉक्टरांच्या कानावर गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मामा, बघा. बोलू नका."

मी बोललो.

एक पोक्त बाई होती. छातीत जळजळतंय म्हणून पाच-सहा माणसं तिला घेऊन आली. डॉक्टर नव्हते. पट्टी निघाली ती सगळी थरथरीची. लहान टेकडी कुठं दिसेना, माळावर नुसते केस फुटलेले. डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं की वरचे कप्पे आवळायचे सोडून नुसते थरथरायला लागले की लहान टेकडी जाते आणि तिच्या जागी बारीक कंप येतो. मी छाती फुगवून बाहेर गेलो आणि सांगितलं, "वरचं कप्पं थरथरत्यात. साताऱ्याला न्यावं लागंल." सुनांनी गळा काढला. कोणीतरी धावत जाऊन मुंबईला फोन लावला. दोन लेक होते तिकडं, ते निघाले.

डॉक्टर आले. पट्टी बघितली. खिशातून एक चिठोरी काढली, तिची कड पट्टीला लावली, दोन सुळक्यांपाशी पेन्सिलीनं खुणा केल्या आणि चिठोरी पुढं सरकवली. पुन्हा सरकवली. खुणा दर वेळी सुळक्यांवर बसत होत्या.

"मावशी," त्यांनी पडद्याआड विचारलं, "यांच्या दातात काय आहे?"

"मंगळसूत्र," बायको म्हणाली.

बाई भेदरलेली, तिनं ते इतकं करकचून आवळलं होतं की मानेच्या शिरा ताठलेल्या. ती थरथर जबड्याची आणि मानेची. तिच्याबरोबर आलेल्या जावेनं मंगळसूत्र मागं ओढून धरलं, पुन्हा पट्टी काढली, रेघ धुतल्यासारखी स्वच्छ. बाईला खरंच पित्त होतं.

लेक सकाळच्या एसटीनं उतरले. मोठा माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "मामा, आईचं दात बगाया मुंबईस्नं आलो व्हय आमी?"

डॉक्टरांनी मला आत घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "कंपावर जाऊ नका. काकडत्या माणसाच्या रेघेलाही केस फुटतात. पण सुळके खोटं बोलत नाहीत. आधी चिठोरी लावा, अंतर मोजा. सारखं असेल तर बाहेरची घाण. वेडंवाकडं असेल तर हृदयाचं दुखणं. आणि पट्टी काढताना काय चाललं होतं ते पुठ्ठ्यावर खाली लिहीत जा. माणूस हलत होता, रडत होता, दात आवळले होते, जे असेल ते. तेवढं लिहायला चौथी पुरते."

पुढचे सहा महिने मी गावाचं करमणुकीचं साधन झालो. बाजारात कोणीही पुढं यायचं आणि दात विचकायचं. "मामा, बगा, दात आवळल्यात. किती दिस ऱ्हायलं?" शिंपी म्हणाला, न्हावी म्हणाला, माझा सख्खा मेव्हणा म्हणाला. मी वरून हसायचो. आतून मात्र त्या गोष्टीनं मला पार कडू केलं. हसणं गेलं. आणि एक वाईट खोड लागली. पट्टीवर जरा कंप दिसला की मी मनात आधीच म्हणायचो, दात. मोजायच्या आधीच म्हणायचो.

त्या सालच्या उन्हाळ्यात बायकोला दम लागायला लागला. टँकर वस्तीच्या टोकाला यायचा. तिथून घरापर्यंत कळशी आणताना पूर्वी ती थांबत नसे. आता दोनदा बसायची. मी म्हटलं, वय झालं. ती म्हणाली, "वय न्हवं वो. मधीच काळीज चाळणीत घातल्यागत हुतंय. कुनीतरी चाळतंय, थांबतंय, पुन्यांदा चाळतंय." मी म्हटलं, डॉक्टरांना सांग. ती म्हणाली, "सांगू की." रोज ज्यांच्यासमोर उभं राहायचं त्यांना आपलं दुखणं सांगायची लाज वाटते माणसाला. मला आता कळतं ते.

एक दिवस मशीनमध्ये कागदाची नवी गुंडाळी घातली. नवा कागद घातला की सुईची उष्णता बघायला कोणावर तरी एक पट्टी काढून बघायची आमची पद्धत होती. तिला ट्रायलची पट्टी म्हणायचे. ती पुठ्ठ्यावर चिकटवायची नसते, डॉक्टरांना दाखवायची नसते, बघून टाकून द्यायची. एरवी मी माझीच काढायचो. त्या दिवशी ती म्हणाली, "आज माजी काडा."

दुपारची वेळ, डॉक्टर जेवायला गेलेले. बाहेर तीन-चार बाया बसलेल्या, पडदा अर्धा उघडा. ती झोपली. फुगा तिनं स्वतःच स्वतःला लावला, न बघता, बोटांनी बरगड्या मोजत, एका जागेवरून दुसऱ्या जागी. मी खटका फिरवत होतो. मध्येच ती म्हणाली, "आवं, ऐका…"

मी म्हटलं, "गप. मशीन चालू आसताना बोलायचं न्हाई. रेघ हालतीया."

ती गप बसली. हे वाक्य ती स्वतःच रोज वीस बायांना सांगायची.

पट्टी फाडली, उजेडाला धरली. सगळी कंपाची. केस फुटलेली. बाहेरच्या बाया बघत होत्या. मी मोठ्यानं म्हटलं, "दात आवळलंस व्हय गं? लोकांस्नी शिकवतीस नि सोता करकच्चून आवळतीस?" बाया हसल्या. मीही हसलो. खरं सांगतो, सहा महिन्यांनी मनापासून हसलो, कारण या वेळी चूक माझी नव्हती, दातांची होती, आणि मी ती ओळखली होती. ती उठून बसली, पदर सारखा केला, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि तीही हसली. पुढच्या बाईला आत बोलावलं.

मी चिठोरी लावली नाही. खिशात होती. पट्टीची घडी केली आणि ड्रॉवरात टाकली. का टाकून दिली नाही ते मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, सकाळी टँकरपाशी तिच्या उजव्या हातातून कळशी सुटली. पाणी सांडलं. बाया आधी पाण्यासाठीच ओरडल्या. मग बघितलं तर ती खाली बसत चाललेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बोलावलं तेव्हा ती माझं नाव घ्यायला बघत होती. तिनं कधी माझं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी घ्यायला बघत होती आणि येत नव्हतं.

डॉक्टर स्वतः जीपमध्ये बसले. मायणी, विटा, तासगाव करत सांगली गाठली. तिथं एका मोठ्या दवाखान्यात त्यांच्या ओळखीच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाई होत्या. तिथलं मशीन एका वेळी तीन रेघा काढणारं. एका मुलीनं पट्टी काढली. बायकोचं मंगळसूत्र त्या मुलीनं आल्याआल्याच काढून माझ्या हातात दिलं होतं, विचारलंही नाही. तोंड वाकडं, जबडा सैल, दात उघडे. मी कॉटच्या दुसऱ्या बाजूला उभा. पट्टी मला उलटी दिसत होती. उलट्या पट्टीनं माझं शिक्षण सुरू झालं होतं, मला ती तशीही वाचता येत होती. कंप. लहान टेकडी नाही. मी केसपेपर घेतला, कड लावली, दोन खुणा केल्या आणि सरकवला. बसेना. पुन्हा सरकवला. बसेना. कुठं दोन घरं, कुठं चार, कुठं तीन, पुन्हा दोन. कोणी सांगायच्या आधी मला कळलं.

लहानपणी तिला ताप येऊन सांधे सुजायचे. त्यातनं हृदयाची एक झडप आकसली होती, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. वरचे कप्पे थरथरायला लागले की रक्त तिथं साकळतं. एक गुठळी सुटून मेंदूत गेली होती.

आठवड्यानं मी कपडे आणायला गावी आलो. घरी जायच्या आधी दवाखान्याचा ड्रॉवर उघडला. पट्टी होती. उभ्याउभ्याच चिठोरी लावली. दोन घरं. चार. तीन. दोन.

ती पट्टी घेऊन सांगलीला परत गेलो आणि डॉक्टरीणबाईंपुढं ठेवली. विचारलं, "बाई, हे तवाच कळलं आसतं तर?"

त्यांनी बघितली. गोड बोलायची त्यांना सवय नव्हती, ते बरं झालं. म्हणाल्या, "रक्त पातळ ठेवायची गोळी तेव्हाच सुरू झाली असती. झटका आलाच नसता असं मी म्हणणार नाही. पण शक्यता पुष्कळ कमी झाली असती. कोणी वाचली ही?"

मी म्हटलं, "कुनी न्हाई. ट्रायलची हाय."

हे मी खोटं बोललो. आयुष्यात खोटं थोडं बोललोय, पण त्या एकाची अजून लाज वाटते.

आमच्या डॉक्टरांना मात्र मी खरं सांगितलं. त्यांनी पट्टी हातात घेऊन मोजली. मग म्हणाले, "मामा, मावशी रोज माझ्यासमोर होत्या. मी एकदाही त्यांच्या छातीला नळी लावली नाही." माणूस चांगला. त्यानं अर्धं स्वतःकडं घेतलं. पण माझं अर्धं होतंच.

तिला सांगायला मला चार महिने लागले. तोवर ती काठीनं उंबऱ्यापर्यंत यायला लागली होती. एकेक शब्द सुटायला लागला होता. एका सकाळी ती दारात बसून डाव्या हातानं मटकी निवडत होती. मी पट्टी काढली आणि तिच्यापुढं धरली.

"ही तुजी. तवा ट्रायलला काडल्याली. हिच्यात समदं हुतं. म्या म्हनलो, दात आवळलंस."

ती मटकी निवडत राहिली. मला वाटलं ऐकलं नाही.

मग म्हणाली, "दातात… न्हवतं."

"काय?"

"दातात न्हवतं. तुमच्या… मुठीत हुतं."

आणि मला आठवलं. ती झोपली तेव्हा तिनं मंगळसूत्र डोक्याच्या वरून मागं केलं होतं आणि म्हणाली होती, "जरा धरा." मी ते डाव्या मुठीत धरलं होतं, उजव्या हातानं खटका फिरवत होतो. काळे मणी माझ्याच मुठीत. पट्टी फाडताना सोडले असतील. आणि त्याच हातानं पट्टी उजेडाला धरून मी म्हटलं, दात आवळलंस.

मी म्हटलं, "मग बोलली का न्हाईस?"

"मशीन… चालू आसताना… बोलायचं न्हाई."

"नि मागनं?"

शब्द जुळवायला तिला वेळ लागायचा, पण जुळवून बोलायची. "मागनं तुमी… हासला. लय दिसांनी… हासला." मग मटकीतला एक खडा काढून बाजूला टाकला. "आन् वाचाया… तुमाला येतं. मला न्हाई. म्हनलं… आसंल."

तिनं मला शिवी दिली असती तर मी जास्त सुखी झालो असतो. लग्नापासून मला शिव्या देण्यात ती कधी मागं नव्हती.

त्यानंतर ती बरीच वर्षं होती. गोळ्या चालू राहिल्या, महिन्याला साताऱ्याला रक्त तपासायला जायचो. वर्षभरानं ती दवाखान्यातही परत आली. उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं बरगड्या मोजायची. बाया आता मंगळसूत्र दातात धरत नव्हत्या. बरोबरची बाई मागं धरायची, आणि बरोबर कोणी नसेल तर बायको आपल्या त्या वाकड्या उजव्या बोटांत अडकवायची. मी प्रत्येक पट्टीला चिठोरी लावायचो, माझ्या स्वतःच्या ट्रायललासुद्धा. आणि तोंड बंद ठेवायचो. बाया पलीकडून बोलायला लागल्या तर खटका सोडून थांबायचो. "आदी बोलून घ्या. मशीन काय पळून जात न्हाई." डॉक्टर कधी कधी घड्याळाकडं बघायचे, पण काही म्हणाले नाहीत.

गेल्याच्या गेल्या साली ती गेली. घरी गेली, सकाळी, चहाच्या आधी. मशीन नव्हतं, कोणी पट्टी काढली नाही. मी मनगट धरून बसलो होतो. बोटांखाली चाळल्यासारखं, थांबल्यासारखं, पुन्हा चाळल्यासारखं. मग थांबलं ते थांबलंच.

ती ट्रायलची पट्टी माझ्याकडं आहे. इतक्या वेळा मोजली की मेणावर माझ्या नखांचे ओरखडे सुळक्यांपेक्षा जास्त झालेत. आता कोणी शिकलेला माणूस बघेल तर त्याला खरी रेघ कोणती आणि म्हाताऱ्याचं नख कोणतं ते कळायचं नाही. काल ती उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला, डॉक्टर पुठ्ठ्यावर लिहायला लावायचे तसं, पट्टी काढताना काय चाललं होतं ते लिहिलं. अक्षर चौथीचंच आहे, पण वाचता येतं.

मंगळसूत्र नवऱ्याच्या मुठीत. दात मोकळे. पेशंट बोलत होती, बोलू दिलं नाही.